कॅप्सूल फोडायची नाही

ऑफिसातलं पाण्याचं मशीन रिकामं होतं, खरं तर एवढंच झालं. डबा खाऊन झाला होता, मी रोजच्याप्रमाणे कॅप्सूल जिभेवर ठेवली, पेला मशीनखाली धरून कळ दाबली, तर मशीननं एक लांबलचक ढेकर दिला आणि दोन थेंब पाणी दिलं. एखाद्या शहाण्या माणसानं कॅप्सूल काढून रुमालात ठेवली असती. मी म्हटलं, खालच्या मजल्यावर पाणी असतं, एक जिना तर उतरायचा, आणि ती तशीच तोंडात धरून निघालो. जिन्यात हिशेबखात्यातले गृहस्थ आडवे आले. हे गृहस्थ एकदा सुरू झाले की त्यांना पूर्णविराम ठाऊक नसतो. जावयानं नवीन घर घेतलं, घराला बाल्कनी आहे, बाल्कनी गळते, बिल्डर फोन उचलत नाही. मी ओठ मिटून मान हलवत राहिलो, आणि बिल्डरच्या आसपास कुठेतरी माझ्या जिभेवर ते कवच मऊ पडलं, टाळूला चिकटलं आणि फुटलं.

आधी कडू आलं. मग तुरट. दोन्ही अगदी हवं तिथे, हवं तेवढं. मग मागून जळक्या साखरेचा एक धूसर वास नाकात चढला, आणि सगळं संपत आलं असं वाटत असताना, अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, वेलदोड्याचं साल. दाणा नव्हे, साल. वाळलेलं, कुटून वस्त्रगाळ केलेलं, एखादा कणच असेल. गृहस्थ म्हणाले, ''तुम्हाला बरं वाटत नाहीये का?'' मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मलाही सांगता आलं नसतं. ते साल त्यात घालायला मीच सांगितलं होतं.

मी चहा चाखतो. लोकांना वाटतं, मजा आहे, दिवसभर चहा पितो. पीत नाही. पांढऱ्या कपांची लांब रांग असते, प्रत्येक कपातला एक चमचा मोठा आवाज करून ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. आमच्या धंद्यात गिळणारा माणूस टिकत नाही. माझ्या शब्दावर पोती इकडची तिकडे होतात, आणि मॅनेजर, जो माझ्याशी एरवी फारसा गोड बोलत नाही, माझ्या सर्दीची मात्र सख्ख्या आईसारखी चौकशी करतो. मला माझ्या जिभेचा गर्व आहे. असू दे. दुसरं काही गर्व करण्यासारखं माझ्यापाशी नाही. केस गेले, आवाज बसका, नाचता येत नाही.

तर ते साल घातलं ती एका रविवारची दुपार. दादा तेव्हा होता. आजारी होता, पण होता. बायको एका संशोधन संस्थेच्या औषधखात्यात आहे. तिथे ती कॅप्सूल भरते, बाटल्या भरते, त्यांच्यावर नंबर लावते. त्या दुपारी तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार वाट्या मांडल्या. पहिल्या वाटीत एका रानझुडपाच्या पानांचा अर्क, वाळवून केलेली पूड. ''हे खरं,'' ती म्हणाली. ''आता मला खऱ्यासारखं खोटं करायचंय. अर्ध्या लोकांना खरी द्यायची, अर्ध्यांना खोटी, आणि कुणालाच कळता कामा नये. आपल्याकडे एवढी जीभ बसलीय घरात, तिचा काही उपयोग?'' मी खरं पान चाखलं. ते आधी काही बोलतच नाही. मग हळूच जिभेच्या कडा धरतं, आणि एकदा धरल्या की सोडत नाही. शेवटी तोंडात जुन्या नाण्यासारखी चव राहते. मग आम्ही बसलो. भाजलेलं तांदळाचं पीठ, करपवलेली साखर, तिनं आणलेल्या कुठल्याशा कडू द्रव्याची चिमूट. मी चाखायचो, थुंकायचो, म्हणायचो, फार लवकर कडू होतंय. ती परत मोजायची, परत घोटायची. तिच्या नाकाला पीठ लागलेलं. शेवटी मी म्हटलं, नाणं काही जमत नाही, पण मागे काहीतरी रेंगाळलं पाहिजे, वेलदोड्याचं साल घाल, नखाएवढंही नको. तिनं घातलं. मी चाखलं आणि टाळी दिली. म्हटलं, जगात माझ्याशिवाय कुणाला फरक कळणार नाही. आम्ही हसलो, खूप हसलो, आणि त्या दुपारी बाकी काहीच काम झालं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तशी दुपार येते, यावर माझा विश्वास उडाला होता.

खालच्या मजल्यावर मी तीन पेले पाणी प्यायलो. चव गेली नाही, जाणारही नव्हती. वर आलो आणि दुपारची रांग चाखायला घेतली. पहिल्या कपाला मी म्हणालो, बरा. दुसऱ्याला म्हणालो, बरा. पाचव्याला मॅनेजरनं चष्म्यावरून पाहिलं. माझ्या तोंडात सगळा चहा सारखाच लागत होता, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तिला माहीत होतं, तिला माहीत होतं. बाटल्या तिनंच भरल्या. नंबर तिनंच लावले. प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरांनी तिला विचारलंही होतं, तुमचे मिस्टर यात असले तर तुम्हाला अडचण नाही ना? चिठ्ठ्या दुसऱ्या माणसानं काढल्या होत्या, कुणाला काय आलं हे फक्त तिच्या खात्यात ठाऊक असणार होतं. ती म्हणाली होती, मी नंबर ओळखते, माणसं ओळखत नाही. डॉक्टरांना ते वाक्य फार आवडलं. मलाही आवडलं होतं, मी गाढव.

आमच्या घरात पोट हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. वडील पोटानं गेले, तेव्हा मी लहान होतो आणि मला फक्त औषधाच्या चमच्याचा आवाज आठवतो. दादा पोटानं गेला, तेव्हा मी लहान नव्हतो. त्याच्या पोटातली गाठ उशिरा कळली. शेवटी शेवटी त्याच्या घशाखाली काही उतरत नसे, आणि वहिनी त्याच्यासमोर जेवायला नको म्हणून जिन्यात बसून जेवायची. मला मात्र तो म्हणायचा, तू इथे बसून खा. एकदा मी त्याच्यासाठी पेअर घेऊन गेलो होतो, उगाच, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. तो म्हणाला, ''तू खा आणि मला सांग.'' मी खाल्लं आणि सांगितलं. साल जरा कडक आहे, आत रवाळ आहे, गोडी उशिरा येते, देठापाशी थोडं हिरवट लागतंय. तो डोळे मिटून ऐकत होता आणि त्याचा घसा हलत होता, खरोखर गिळल्यासारखा. मग म्हणाला, ''देठाकडचा भाग टाकून दे.'' मी टाकला. आजही पेअर दिसलं की माझ्या तोंडाला पाणी येत नाही, डोळ्यांना येतं.

तो गेल्यावर वहिनीनं मला धरून नेलं आणि दुर्बीण घालून पोट तपासायला लावलं. माझ्या पोटाच्या अस्तरावर एक पट्टा होता, विरलेला, रंग बदललेला. कॅन्सर नव्हे, डॉक्टर म्हणाले, पण त्या रस्त्यावरचं एक स्टेशन समजा. आणि मग त्यांनी मला ते पान समजावून सांगितलं. हे डॉक्टर उत्साही, हातवारे करणारे. गाठीला वाढायचं तर रक्त लागतं, म्हणाले. घुसखोर भाडेकरू कसा आधी नळ जोडून घेतो, तशी ती स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या फुटवून घेते. या पानात एक द्रव्य आहे, ते हे नळ जोडूच देत नाही. गाठ आधी होऊ द्या, मग कापा, हे जुनं झालं. आपण तिला पाणीच मिळू द्यायचं नाही. अर्थात तुम्हाला खरं मिळेल की खोटं, ते चिठ्ठीवर, आणि ते मलाही कळणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, चालेल. मला चालणारच होतं. चिठ्ठी कुणाच्याही हातात असली तरी बाटली माझ्या बायकोच्या हातात होती, आणि मनाच्या तळाशी, जिथे माणूस स्वतःलाही नीट दिसत नाही, तिथे मी खात्री बाळगून होतो की ती मला खोटी देणार नाही.

तिनं एकच अट घातली होती. ''कॅप्सूल फोडायची नाही. तुझी ती जीभ यात आणायची नाही. शपथ घे.'' मी घेतली, आणि पाळली. कुठल्याही दिवशी, कुठल्याही दुपारी, दाताखाली एकदा दाबली असती की कळलं असतं. दाबली नाही, कारण तिनं सांगितलं होतं. उलट दर वेळी कॅप्सूल उतरली की मी आत ते पान कामाला लागलेलं बघायचो, एकेक नळ बंद होताना ऐकायचो. मला वरून काहीतरी गार उतरल्यासारखंसुद्धा वाटायचं. आणि रोज संध्याकाळी चप्पल काढते न काढते तोच ती विचारायची, ''घेतलीस का आज?'' मी म्हणायचो, घेतली. ती म्हणायची, शाब्बास. भाजलेलं पीठ खाल्ल्याबद्दल बायकोची शाब्बासकी मिळवणारा माझ्यासारखा दुसरा नवरा कुठे असेल असं वाटत नाही.

घरी बसनं जाण्याऐवजी मी चालत निघालो. कापडाच्या दुकानांवरून, बंद पडलेल्या कारंज्यावरून, चावीवाल्यावरून. तिची बाजू मीच मांडत होतो आणि मीच खोडत होतो. चिठ्ठी आहे, जे आलं ते आलं. तिनं मला सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं, आणि सगळ्या प्रयोगाचा बट्ट्याबोळ झाला असता. इमानदार बाई आहे. हो, पण कुणाशी इमानदार? नुकतीच पुन्हा दुर्बीण घातली होती. या वेळी डॉक्टरांचे हात हलले नव्हते. एक जागा थोडी वेगळी दिसतेय, एवढंच म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवलाय. तेव्हापासून ती माझ्याशी फार प्रेमानं वागत होती. रोज माझ्या आवडीची भाजी. मला वाटलं होतं, घाबरलीय बिचारी. आता कळलं, कशाला घाबरली होती ते. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं म्हणत होतो. माझ्या पोटात, बरगड्यांच्या खाली, बारीक बारीक काहीतरी फुटत होतं, पसरत होतं, आणि इतकी वर्षं त्याला कुणी अडवलं नव्हतं. मी कारंज्याच्या कठड्यावर थोडा वेळ बसलो.

घरी ती कपडे घड्या करत होती. ''घेतलीस का आज?'' तिनं वर न बघता विचारलं.

''वेलदोडा जरा कमी पडतोय,'' मी म्हटलं.

तिचा हात थांबला. माझ्याच शर्टाची बाही तिच्या हातात होती. त्या बाहीकडे बघतच ती म्हणाली, ''फोडलीस?''

''फुटली. मी शपथ मोडलेली नाही. शपथ मोडणाऱ्यांतला मी नव्हे.''

 तिची ती खाली घातलेली मान मला बघवेना, म्हणून शेवटी मीच पुढे झालो. मी म्हटलं, ''हे बघ, चिठ्ठी असते. मला खोटी आली, त्यात तुझा काय दोष. फक्त रोज विचारायची गरज नव्हती. तेवढं एक फार लागलं बघ.'' मी तिला दार उघडून दिलं होतं. तिनं नुसतं हो म्हणायचं होतं. आम्ही जेवलो असतो, मी दोन दिवस रुसलो असतो. पण माझ्या बायकोला खोटं करता येतं, खोटं बोलता येत नाही.

''चिठ्ठीत तुला खरी आली होती,'' ती म्हणाली.

मी खाली बसलो. खाटेवर घड्या केलेल्या कपड्यांवरच बसलो आणि तिनंही उठ म्हटलं नाही. तिनं सांगितलं ते असं, एका दमात, शर्ट तसाच हातात धरून. सुरुवातीला, माणसांना द्यायच्या आधी, ज्या उंदरांना ते पान दिलं होतं त्यांची यकृतं तिनं बघितली होती. काही बिघडली होती. डॉक्टर म्हणाले, उंदरांना डोस फार होता, माणसांना देतोय तो कितीतरी कमी. सगळ्यांना ते पटलं. तिलाही दिवसा पटायचं. ''भाऊजी जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. मी नंबर लावायला बसले. तुझ्या नंबरवर खरी होती आणि पुढच्या नंबरवर खोटी. मला ती उंदरं दिसायला लागली. मी लेबलं बदलली. पहिल्यांदा बदलली, मग दर वेळी बदलावीच लागली.''

''पुढचा नंबर कुणाचा?''

''तुला माहितीय. तपासणीला तुझ्या शेजारीच बसतात ते. मफलरवाले.''

मफलरवाले म्हणजे एक म्हातारे शिंपी, बारा महिने गळ्यात मफलर. तपासणीच्या दिवशी आम्ही बाकावर शेजारी असायचो. मागच्या खेपेला त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारून सांगितलं होतं, ''साहेब, माझा पट्टा पुसला गेला म्हणतात. पोट लहान पोरासारखं झालंय म्हणतात. आता म्हणे दगडसुद्धा पचेल.'' मी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं होतं.

''त्यांचं यकृत?'' मी विचारलं.

''ठणठणीत आहे,'' ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडायला लागली. ''सगळ्यांचं ठणठणीत आहे. मला काय माहीत होतं? मला तू हवा होतास. एवढंच डोक्यात होतं, तू हवास. मी तुला वाचवत होते.''

तिचं रडणं खरं होतं, हे मला त्या वेळीही कळत होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. कुणी पैशासाठी फसवलं तर माणूस शिव्या तरी देतो. मी म्हटलं, ''मला विचारायचं होतंस. पोट माझं होतं. एकदा फक्त विचारायचं, अशी अशी उंदरं आहेत, तुला काय हवं? मी खरी घेतली असती. उंदरं बघूनसुद्धा घेतली असती. मी दादाला पेअर भरवलंय.'' तिला ते शेवटचं कळलं नसावं, पेअरची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. बोलताना माझ्या लक्षात आलं, की मी इतकी वर्षं तिला एवढी एक गोष्ट सांगितली नाही, आणि ती किती गोष्टी पोटात ठेवून माझ्या शेजारी झोपत होती.

पुढचे दिवस आम्ही घरात फार हळू चाललो. ती शेवटची बाटली स्वयंपाकघरात फळीवर होती, तिला कुणी हात लावत नव्हतं. एकदा छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे आमची मुलगी, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, दुसऱ्या शहरात शिकते. ती म्हणाली, ''बाबा, तुमचा प्रयोग यशस्वी झाला तर पुढच्या फेरीत घरातल्या माणसांना घेणार म्हणे. मी नाव देऊ का? दादाकाकांच्या मुलालाही विचारते.'' मी म्हटलं, निकाल तर लागू दे. फोन ठेवला आणि तिथेच उभा राहिलो, कारण तोवर ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. प्रयोगाच्या कागदावर मी खरी घेणारा होतो, आणि माझी जागा वाढत होती. शिंपी खोटी घेणारे होते, आणि ते बरे झाले होते. म्हणजे आम्ही दोघं मिळून त्या पानाच्या विरुद्ध साक्ष देत होतो. थोडकी माणसं असलेला प्रयोग. डॉक्टर मागेच म्हणाले होते, निकाल काठावर लागणार, एकदोन माणसांवर सगळं लटकणार. ती एकदोन माणसं मला ठाऊक होती. त्यातल्या एकाचे मोजे मी रोज घालतो.

त्या संध्याकाळी मी बायकोला हे सांगितलं. तिला आधीपासून माहीत होतं, अर्थात. ''आता काय करायचं?'' ती म्हणाली. तिची नोकरी गेली असती, नुसती नोकरीच नव्हे, या कामात तिला पुन्हा कुणी उभं केलं नसतं. बाहेर तिचं नाव निघालं असतं. छोटीलाही कळलं असतं. मी बराच वेळ विचार करत असल्यासारखा बसलो, पण ठरलेलं होतं. ''काही नाही करायचं,'' मी म्हटलं. ''गप्प बसायचं. दोघांनी.''  ती म्हणाली, ''बरं.'' त्या ''बरं''नंतर मला, लाज वाटते पण सांगतो, हलकं वाटलं. मी मोठा झालो होतो. माझ्याशी एवढं वाईट वागलेल्या बाईला मी वाचवत होतो, छोटीच्या पोटाचा सौदा करून वाचवत होतो, आणि आता आयुष्यभर ती माझं देणं लागत होती. मी फळीवरची बाटली कचऱ्यात टाकली आणि तिच्या हातचा चहा मागितला, आणि न थुंकता प्यायलो.

शेवटच्या भेटीच्या दिवशी ती नेहमीप्रमाणे लवकर कामावर गेली. मी नंतर पोचलो. बाकावर मफलरवाले नव्हते, त्यांना आधीच आत घेऊन झालं होतं म्हणे. औषधखात्याच्या खिडकीत दुसरीच कुणी मुलगी बसली होती. मला वाटलं, बायको जेवायला गेली असेल. डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांनी आधी तुकड्याचं सांगितलं. सुरुवात झालेली आहे, पण अगदी सुरुवात. दुर्बिणीतूनच ती जागा काढता येईल, लगेच काढू, मग लक्ष ठेवत राहू. मला दादा आठवेल असं वाटलं होतं, आठवला नाही. मी खिडकीच्या पट्ट्यांवरची धूळ बघत होतो आणि विचारत होतो, कधी यायचं, उपाशी यायचं का. ते उत्तरं देत होते, पण हात मांडीवर ठेवून.

''अजून एक,'' ते म्हणाले. ''नियम आहे, प्रयोग संपताना प्रत्येकाला विचारावं लागतं. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही इतकी वर्षं खरी घेत होता की खोटी? सांगता येत नाही म्हटलंत तरी चालतं.''

हा प्रश्न येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यात विचार करण्यासारखं काय होतं? ''खरी,'' मी म्हणालो. मग त्यांनी लिहायला घेतलं नाही म्हणून, आवाज स्थिर ठेवून, जोडलं, ''मला तरी चवीवरून तसंच वाटलं. जीभ हा माझा धंदाच आहे.''

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. ''तुमच्या मिसेस सकाळीच येऊन सगळं सांगून गेल्या,'' ते म्हणाले. ''लेबलांचं. तुमची कॅप्सूल फुटली त्याचंही.'' ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ''मला एवढंच कळत नाही, तुम्हाला माहीत असताना तुम्ही असं का सांगितलंत? मी तुम्हाला मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या होत्या, त्यांना विचारा, ते खरं सांगतील.''

माझ्या तोंडात काहीच चव नव्हती. ''आता काय होईल?'' मी विचारलं.

''तुम्ही दोघंही बाहेर. तुमचा नंबर आणि तुमच्या शेजारचा. दोन्ही मोजता येणार नाहीत. बाकीच्यांवर बघू काय उरतंय ते.'' मग म्हणाले, ''तुमचा इलाज मात्र होईल, त्याची काळजी करू नका.'' म्हणजे माझं दुखणं आता त्या पानाच्या विरुद्ध नव्हतं आणि बाजूनंही नव्हतं. माझ्या पोटात एवढं सगळं झालं आणि ते कुणाच्याच मोजणीत नव्हतं.

ती बाहेर होती. इमारतीच्या फाटकापाशी झाडाखाली एक बाक आहे, त्यावर ती बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तिचा कामावरचा कोट, डबा, टेबलावरचं लहान कॅलेंडर. शेजारी मफलरवाले उभे होते आणि त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले होते. मला बघून म्हणाले, ''साहेब, डॉक्टरांनी आत्ता सांगितलं, मी खरी घेत होतो! काहीतरी अदलाबदल झाली म्हणे, मला काय ते कळलं नाही. मी बाईंना म्हटलं, चूक असो काही असो, तुमच्या हातानं मी वाचलो.'' ते रडत होते. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका मोकळा होता. मी काय सांगितलं असेल याची तिला खात्री होती.

शिंपी गेले. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

''मला सांगायचं होतंस,'' मी म्हणालो.

''तू अडवलं असतंस,'' ती म्हणाली. मग पिशवी सावरून, जवळजवळ लाडानं तिनं विचारलं, ''तू काय सांगितलंस?''

मी सांगितलं.